हिरव्या टेबलावरचा खेळ

मंडळी, बिलियर्ड हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते, पण खेळ मात्र नजरेखालून गेलेला नसतो. सिनेमात श्रीमंत माणसाचा बंगला दाखवायचा झाला म्हणजे दिवाणखान्यात एक भलेमोठे हिरवे टेबल दिसते, त्यावर रंगीत चेंडू असतात, आणि बहुधा खलनायकच हातात लांब काठी घेऊन कसला तरी बेत करीत उभा असतो. एवढीच आपली ओळख. त्यामुळे हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा उद्योग, असा एक समज होऊन बसला आहे. तो समज अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता मिळाला तो कुस्तीच्या हौद्यात नव्हे, टेनिसच्या मैदानावर नव्हे, तर या हिरव्या टेबलावर, १९५८ साली. आणि तो माणूस जन्माने पुणेकर होता. त्याचे नाव विल्सन जोन्स. हे नाव किती मुलांना ठाऊक आहे, ते गुरुजींनी एकदा वर्गात विचारून पाहावे.

तुम्ही म्हणाल, न पाहिलेल्या खेळाची माहिती ऐकून काय करायचे? पण याचा एक सख्खा भाऊ आपल्या घरोघरी आहे, तो म्हणजे कॅरम. शाळेत आहे, तालमीच्या माडीवर आहे, गणपतीच्या मांडवात त्याच्या स्पर्धा होतात. चार कडांची चौकट, भोके, स्ट्रायकरने सोंगटी ढकलायची, कधी सरळ, कधी कट मारून, कधी पट्टीला लावून. ज्याला कॅरम येतो त्याला बिलियर्डचे अर्धे मर्म आधीच समजलेले असते. फरक एवढाच की सोंगटी घसरते आणि चेंडू घरंगळतो. आता ‘एवढाच’ म्हटले खरे, पण या एवढ्याशा फरकात पुढची सगळी गंमत भरलेली आहे.

आधी टेबल पाहू. पूर्ण मापाचे टेबल साधारण बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. काटेकोर सांगायचे तर कडेपासून कडेपर्यंत खेळण्याची जागा अकरा फूट साडेआठ इंच बाय पाच फूट दहा इंच. उंची तीन फुटांना थोडी कमी. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, अशी सहा भोके. त्यांना पॉकेट म्हणतात. वजन मात्र ऐकून ठेवा. सव्वा ते दीड टन! म्हणून त्याला चार नव्हे, आठ पाय असतात. एवढे वजन लाकडाचे नाही, ते दगडाचे आहे. हिरव्या कापडाखाली पाच मोठ्या दगडी लाद्या एकमेकींना सांधून बसवलेल्या असतात, आणि तो दगड तुमच्या ओळखीचा आहे. लहानपणी ज्या पाटीवर आपण मुळाक्षरे गिरवली, त्याच पाटीचा तो दगड. फक्त इथे त्याची जाडी पावणेदोन-दोन इंच असते. पाटीचा दगड का, तर तो थरांनी सुटतो, घासून अगदी सपाट करता येतो आणि हवामानाने वाकत नाही. पूर्वी लाकडी फळ्या वापरीत. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मग चेंडू आपल्या मनाने कोपऱ्याकडे चालू लागे. लंडनच्या जॉन थर्स्टन नावाच्या कारागिराने १८२० नंतरच्या दशकात दगडी पाटांची टेबले चालू केली आणि ही तक्रार मिटली.

कडांची कथा तशीच आहे. सुरवातीला कडेला कापडाच्या पट्ट्या, केस, लोकर असे काहीबाही भरीत. चेंडू तिथे जाऊन धप्पकन बसे. १८३५ च्या सुमारास रबर आले. पण कच्चे रबर थंडीत दगडासारखे घट्ट होते. इंग्लंडच्या हिवाळ्यात खेळण्यापूर्वी गरम पाण्याची भांडी कडांशी लावून ते शेकावे लागे. रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची युक्ती सापडली तेव्हा कुठे वर्षभर सारखी उसळी मिळू लागली. सायकलच्या टायरला जी विद्या उपयोगी पडली, तीच इथेही.

वरचे कापड लोकरीचे. ते हिरवेच का, याचे सोपे उत्तर असे की हा खेळ मुळात युरोपात गवतावर खेळत. चेंडू, दांडके आणि कमान अशी त्याची तऱ्हा होती. पावसापाण्याच्या त्रासाने तो घरात आला, टेबलावर चढला, आणि येताना हिरवळीचा रंग बरोबर घेऊन आला. या लोकरीला एका दिशेने लव असते, मखमलीला असते तशी. टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ब्रशने झाडीत न्यायचे, मग इस्त्री फिरवायची, तीही त्याच दिशेने. हळू सोडलेला चेंडू या लवेमुळे किंचित एका अंगाला कलतो, आणि मुरलेला खेळाडू तो हिशेब मनात धरूनच काठी उचलतो. आपल्याकडे पावसाळ्यात कापड दमट होते, चेंडू जड चालतात. मोठ्या स्पर्धांत आता टेबलाखाली विजेची उष्णता देऊन दगड कोरडा ठेवतात.

आता चेंडूंकडे येऊ. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही हकीकत एका खेळापुरती राहत नाही. एकोणिसाव्या शतकात चांगला चेंडू म्हणजे हस्तिदंताचाच. माती, लाकूड, धातू, कशालाच ती उसळी आणि तो आवाज येत नसे. हत्तीच्या सुळ्याच्या मधोमध एक बारीक नस असते. ती चेंडूच्या बरोबर मध्यातून गेली तरच चेंडू सरळ चालायचा, नाहीतर एका बाजूला भार. म्हणून एका सुळ्यातून उत्तम चेंडू निघत ते तीन ते पाच. बाकीच्या तुकड्यांच्या फण्या आणि चाकूच्या मुठी. युरोप-अमेरिकेत गावोगाव टेबले झाली, आणि त्या प्रत्येक टेबलामागे कुठेतरी एक-दोन हत्ती आडवे झाले. पुढे पुढे व्यापाऱ्यांनाच धास्ती पडली. हत्तींची दया आली म्हणून नव्हे. माल संपेल म्हणून. न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या टेबलवाल्यांनी १८६३ च्या सुमारास जाहीर केले, हस्तिदंताला पर्याय शोधील त्याला दहा हजार डॉलर देऊ.

जॉन वेस्ली हायट नावाचा एक छापखान्यातला तरुण कामगार त्या नादी लागला. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारा पदार्थ आणि आपल्या देवघरात असतो तो कापूर, यांच्या मिश्रणातून त्याने सेल्युलॉइड तयार केले. १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे याच सेल्युलॉइडच्या फण्या झाल्या, बाहुल्या झाल्या, सिनेमाच्या फिती झाल्या. आज ज्याला आपण प्लॅस्टिकचे युग म्हणतो त्याची एक पहाट बिलियर्डच्या चेंडूतून उगवली म्हटले तर चालेल. मात्र तो कापसाचा पदार्थ बंदुकीच्या दारूचा जवळचा नातलग. चेंडू एकमेकांवर जोरात आपटले की कधी कधी फटाक्याच्या टिकलीसारखा आवाज निघे. हायटनेच म्हातारपणी सांगितले आहे की कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याचे त्याला पत्र आले. त्याचे म्हणणे, माझी चेंडूंबद्दल काही तक्रार नाही, पण आवाज झाला रे झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो, त्याचे काय करावे? पुढे विसाव्या शतकात बेकलाइट आले आणि त्याच जातीच्या घट्ट राळेचे चेंडू आज जगभर वापरतात. व्यास साडेबावन्न मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित जास्त, आणि एका संचातल्या सगळ्या चेंडूंचे वजन जवळजवळ सारखे. हे सारखेपण ध्यानात ठेवा, त्याचे काम पुढे आहे.

काठीला क्यू म्हणतात. ॲश किंवा मेपल या परदेशी झाडांच्या लाकडाची, चार फूट नऊ-दहा इंच लांब, एका टोकाला निमुळती, वजनाला अर्धा किलोच्या आसपास. टोकाला चामड्याची छोटीशी टोपी असते. ही टोपी दिसायला क्षुल्लक, पण तिने खेळाचे रूपच बदलले. मिंगो नावाच्या एका फ्रेंच कप्तानाला राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर तुरुंगवास घडला, आणि त्या मुक्कामात त्याने टेबलावर प्रयोग करून चामड्याच्या टोकाची करामत साधली असे सांगतात. नुसते लाकूड चेंडूवरून सटकते. चामडे त्याला क्षणभर धरते, आणि त्या क्षणभरात चेंडूला फिरकी देता येते. वर खडू घासतात तो याचसाठी. तो निळा खडू फळ्यावरच्या खडूचा भाऊ नव्हे, बरे का. त्यात खरखरीत वाळूसारखे पदार्थ असतात. फळ्यावर घासलात तर फळा ओरखडेल.

साहित्य झाले. आता डाव. बिलियर्डच्या मूळ खेळात चेंडू फक्त तीन: एक तांबडा आणि दोघा खेळाडूंचा एकेक, एक पांढरा व दुसरा पिवळा. पूर्वी दोन्ही पांढरेच असत आणि एकावर ठिपका असे. आपण नेहमी आपल्याच चेंडूला काठी लावायची. तो जाऊन बाकीच्या दोघांना लागला तर त्याला कॅनन म्हणतात, दोन गुण. समोरचा चेंडू पॉकेटमध्ये गेला तरी गुण, आणि आपला चेंडू दुसऱ्याला लागून स्वतःच पॉकेटमध्ये गेला तरीही गुण. तांबड्याच्या बाबतीत तीन, दुसऱ्याच्या बाबतीत दोन. कॅरममध्ये स्ट्रायकर भोकात गेला की दंड, इथे त्याची शाबासकी, हे कॅरमवाल्याला प्रथम चमत्कारिक वाटते. गुण मिळत राहतील तोवर खेळी आपली. सलग मिळवलेल्या गुणांना ब्रेक म्हणतात.

शिक्षकांसाठी एक खास गोष्ट सांगतो. भूगोलात आपण शिकवतो की पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, त्यामुळेच आपला मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्यामागच्या बलाला कोरिऑलिसचे नाव आहे. याच कोरिऑलिसने १८३५ साली पॅरिसमध्ये बिलियर्डच्या गणितावर एक सबंध ग्रंथ लिहिला. चेंडू कुठे मारला असता कसा जाईल, याचा त्यात हिशेब आहे. उदाहरणार्थ, चेंडूच्या उंचीच्या दहा भागांपैकी सातव्या भागावर आडवा टोला दिला तर चेंडू न घसरता पहिल्या क्षणापासून घरंगळू लागतो. त्याखाली, पार बुडाशी मारला तर तो उलटा फिरत पुढे घसरतो. समोरच्या चेंडूवर आदळून त्याचा पुढचा वेग संपला की ही उलटी फिरकी जागी होते आणि चेंडू मालकाकडे परत येतो. पाहणाऱ्याला जादू वाटते.

हे शाळेत करून पाहण्यासाठी टेबल लागत नाही. दोन लाकडी पट्ट्या शेजारी ठेवून मध्ये खाच करा. त्यात एक गोटी ठेवा आणि तशाच दुसऱ्या गोटीने तिला सरळ ठोका. पुढची धावते, मागची जवळजवळ थांबते. अगदी पूर्ण थांबत नाही, किंचित पुढे सरकते. कारण ती घरंगळत आलेली असते आणि तिची गिरकी शिल्लक राहिलेली असते. हेच कॅरमच्या पाटावर दोन सोंगट्या घेऊन करा. सोंगटी घसरते, तिला गिरकी नाही, म्हणून ती जागच्या जागी थबकते. स्ट्रायकर घेऊ नका; तो सोंगटीच्या तिपटीच्या आसपास जड असतो, तो थांबायचा नाही. आता एक सोंगटी दुसरीला तिरकी लागू द्या. पाटावर बोरिक पावडर दाट पसरली असेल तर दोघींच्या वाटा उमटतील. त्या दोन वाटांमधला कोन मोजा. कोठेही, कितीही तिरकी लावा, कोन काटकोनाच्या जवळपासच येईल. दोन्हींचे वजन सारखे असल्याचा हा परिणाम. चेंडूंचे वजन सारखे हवे म्हणतात ते यासाठी.

आणखी एक. आपल्या चेंडूचा मध्य समोरच्या चेंडूच्या बरोबर कडेवर नेम धरून मारला, तर समोरचा चेंडू किती अंशांनी बाजूला जाईल? फळ्यावर दोन वर्तुळे एकमेकांना टेकवून काढा. त्रिज्या एक धरली तर दोन मध्यांतले अंतर दोन, आणि नेमाच्या रेषेपासून समोरच्या चेंडूचा मध्य एकाने बाजूला. कर्ण दोन, समोरची बाजू एक, म्हणजे कोन ३० अंशांचा. दहावीच्या मुलांना हे प्रमेय पाठ असते. ते कशाला उपयोगी पडते, असे मुलांनी विचारले तर हे एक उत्तर तयार ठेवा. बिलियर्डवाले या टोल्याला हाफ-बॉल म्हणतात आणि नवशिक्याला पहिल्यांदा तोच घोटून घ्यायला लावतात.

तीन चेंडूंच्या खेळात एक खोट मात्र आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खेळाडू फार तरबेज झाला की प्रतिस्पर्ध्याला नुसते खुर्चीत बसून राहावे लागते. १९०७ साली टॉम रीस नावाच्या इंग्रज खेळाडूने दोन चेंडू एका पॉकेटच्या तोंडाशी असे काही अडकवून ठेवले की आपला चेंडू अलगद लावला की कॅनन, परत लावला की कॅनन. असे पाच आठवडे चालले होते. ब्रेक झाला ४,९९,१३५ गुणांचा, आणि तोही अपुरा! मग तो टोला नियमाने बंद झाला. पुढे ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम आला. क्रिकेटात ब्रॅडमन तसा बिलियर्डमध्ये लिंड्रम. त्याने १९३२ मध्ये एका खेळीत ४,१३७ गुण केले. त्याला आवरण्यासाठी नियम बदलले, तरी तो जिंकतच राहिला. प्रेक्षक कौतुक करून करून थकले आणि दुसऱ्या खेळाकडे वळले.

तो दुसरा खेळ म्हणजे स्नूकर, आणि त्याचे जन्मगाव आपल्या देशात आहे. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत काही तरुण इंग्रज अधिकारी कंटाळून बसले होते. त्यांच्यात नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक होता. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो हा नव्हे. त्याने चालू खेळात आणखी रंगीत चेंडू घालून एक नवी तऱ्हा काढली. एका सोबत्याचा सोपा टोला हुकला तेव्हा चेंबरलेन त्याला ‘स्नूकर’ म्हणाला. लष्करी विद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या पोराला त्या काळी असे चिडवीत, म्हणजे आपल्याकडचा ‘कच्चा लिंबू’ म्हणा ना. सोबती रागावला, तर चेंबरलेनने सावरून घेतले की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. नाव चिकटले ते चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लावले गेले. ही सगळी हकीकत स्वतः चेंबरलेनने म्हातारपणी, १९३८ साली, एका इंग्रजी नियतकालिकाला कळवली.

स्नूकरमध्ये चेंडू बावीस. पांढरा काठीचा, पंधरा तांबडे प्रत्येकी एका गुणाचे, आणि सहा रंगीत: पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात. एक तांबडा घालायचा, मग एक रंगीत. रंगीत परत जागेवर ठेवायचा, पुन्हा तांबडा. तांबडे संपले की रंगीत क्रमाने. प्रत्येक तांबड्याबरोबर काळाच घातला तर पंधरा आठे एकशेवीस, आणि शेवटच्या सहांचे सत्तावीस, मिळून १४७. यापेक्षा जास्त गुण सरळ खेळात होत नाहीत. आपल्याला गुण मिळण्यासारखे नसतील तर पांढरा चेंडू असा दडवून ठेवायचा की प्रतिस्पर्ध्याला सरळ वाटच उरू नये. याला ‘स्नूकर करणे’ म्हणतात, आणि मला विचाराल तर या खेळाचा खरा रस या आडोशात आहे. इंग्लंडमध्ये १९२७ पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली, आणि जो डेव्हिस तिथून १९४६ पर्यंत एकदाही हरला नाही. १९६७ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली तेव्हा तर रंगीत चेंडूंचा हा खेळ तिच्यासाठीच काढल्यासारखा झाला.

जबलपुरात जन्मलेला खेळ, पण जबलपूरच्या माणसाला तो खेळता येत नव्हता. मुद्दा हा आहे, मंडळी. कबड्डीला मैदान लागते, ते कुठेही आखता येते. इथे दीड टनाचे टेबल लागते, आणि टेबल जिथे उभे असेल तिथे ज्याला प्रवेश त्याचाच खेळ. टेबले होती लष्कराच्या मेसमध्ये, संस्थानिकांच्या वाड्यांत आणि गोऱ्यांच्या क्लबांत; त्यातल्या कित्येक क्लबांत देशी माणसाला सभासद होता येत नसे. पण देशी माणूस तिथे होता. गुण मांडणारा, चेंडू पुसणारा, कापडाला इस्त्री करणारा. त्याला मार्कर म्हणत, आजही म्हणतात. साहेब एकटाच आला की मार्करलाच समोर काठी घेऊन उभे करी. दिवसरात्र टेबलापाशी काढल्यामुळे क्लबातला सगळ्यात जाणता खेळाडू पुष्कळदा हा मार्करच असे. परंतु खेळाच्या नोकरीवर पोट भरणारा तो धंदेवाईक, आणि हौशींच्या स्पर्धेत धंदेवाइकाला जागा नाही, असा त्या काळच्या इंग्रजी खेळांचा सर्वसाधारण दंडक होता. या मार्करांची नावे फारशी कुठे लिहिली गेली नाहीत. साहेबांची नावे मात्र फळ्यांवर सोनेरी अक्षरांत आहेत.

या पार्श्वभूमीवर विल्सन जोन्सकडे पाहावे. १९२२ साली पुण्यात, अँग्लो-इंडियन समाजात तो जन्मला. राष्ट्रीय बिलियर्डचे विजेतेपद त्याने बारा वेळा मिळवले. १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा भरली ती त्याने जिंकली, आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा जिंकली. सरकारने अर्जुन पुरस्कार दिला, १९६५ मध्ये पद्मश्री दिली. २००३ मध्ये मुंबईत तो वारला. त्याच्यानंतर मुंबईचाच मायकेल फरेरा उभा राहिला. १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन वेळा जागतिक अजिंक्यपदे. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ११४९ गुणांचा ब्रेक केला, आणि हौशी खेळाडूने हजार ओलांडल्याची ती पहिली वेळ. हा माणूस मानी होता. १९८१ मध्ये त्याला पद्मश्री देऊ केली तेव्हा त्याने नाकारली. त्याचे म्हणणे असे की क्रिकेटपटू सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळते, तर जगज्जेत्या बिलियर्डपटूला त्याखालचा मान का? कोणाला हा हट्ट वाटेल, पण प्रश्न रास्त होता. १९८३ मध्ये त्याला पद्मभूषण मिळाले.

पुढची नावे भराभर सांगतो. ओम अगरवाल १९८४ मध्ये हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला. गीत सेठी याने १९८९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत स्नूकरचे ते पूर्ण १४७ गुण केले, आणि हौशी व व्यावसायिक दोन्ही प्रकारांत जागतिक विजेतेपदे मिळवली. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत बिलियर्ड प्रथमच आले, तेव्हा एकेरीत मुंबईच्या अशोक शांडिल्यने सुवर्णपदक घेतले आणि दुहेरीत त्याने व सेठीने मिळून. आणि पंकज अडवाणी. जन्म पुण्याचा, १९८५ चा, वाढला-शिकला बंगलोरात. बिलियर्ड आणि स्नूकर मिळून त्याची जागतिक विजेतेपदे पंचविसाच्या वर गेली आहेत. एवढी पदे दुसऱ्या कोणत्या खेळात आपल्या कोणाला मिळाली असती तर त्याची छायाचित्रे वह्यांच्या मुखपृष्ठांवर आली असती. पण ऑलिंपिकमध्ये हा खेळ कधीच नव्हता, आणि आशियाई खेळांत तो १९९८ ते २०१० असा चारदा येऊन पुढच्या तीन खेपांना वगळला गेला. सरकारी नोकऱ्या, अनुदाने, वर्तमानपत्रांतले मथळे हे सगळे पदकांच्या मागे चालते, हे तुम्हांला माहीत आहेच.

राहता राहिला पूल. हा अमेरिकेतून आलेला धाकटा प्रकार. टेबल लहान, बहुधा नऊ फुटी, चेंडू थोडे मोठे आणि त्यांवर आकडे. ‘पूल’ या शब्दाचा अर्थच मुळी सगळ्यांनी मिळून लावलेली पणाची रक्कम असा आहे, तेव्हा त्याची कीर्ती कशी असेल ते सांगायला नको. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्याकडे जिल्ह्याच्या आणि पुढे तालुक्याच्या गावी पूल-स्नूकरचे पार्लर निघाले. तासावर पैसे घेतात. कुठे चांगली व्यवस्था असते, कुठे धूर आणि पैजा. आईबाप धास्तावतात, शिक्षक मुलांना त्या रस्त्याने जाऊ नको म्हणतात. त्यांचे चूक आहे असे मला म्हणता येत नाही. पण पत्ते आपण लग्नघरातही खेळतो आणि जुगारअड्ड्यावरही. दोष पत्त्यांच्या कागदात नसतो. दुसरी बाजू अशी की क्लबाची वर्गणी ज्यांच्या सात पिढ्यांना परवडली नसती, अशी मुले आज या पार्लरांतून पहिल्यांदा काठी हातात धरीत आहेत. मार्करच्या नातवाला आता आत जायला कोणाची परवानगी लागत नाही, तासाचे पैसे लागतात.

तेव्हा तुमच्या गावी असे टेबल आले असेल तर एकदा दिवसाउजेडी जाऊन बघून या. टेबल बरे की वाईट हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. पांढरा चेंडू कडेजवळून अगदी हळू सोडा. तो मध्येच वळला तर टेबल पातळीत नाही. कापडावर तळहात फिरवा. कुठे गाठी, फाटके, डाग असतील तर मालकाचे लक्ष गल्ल्याकडे जास्त आहे. कडांवर बोटाने दाबून पाहा, रबर मेलेले कळते. क्यूच्या टोकाचे चामडे झिजून चपटे झाले असेल तर दुसरी काठी मागा. उभे राहताना मागचा पाय सरळ, पुढचा गुडघा किंचित वाकलेला, हनुवटी जवळजवळ काठीला टेकलेली. डाव्या हाताचा पंजा टेबलावर पसरून अंगठा आणि तर्जनी यांच्या खोबणीत काठी ठेवायची, आणि काठी ढकलताना हलायचा तो फक्त कोपराखालचा हात. चेंडू दूर असेल तर काही मुले टेबलावर चढू पाहतात. नियम असा आहे की टोला मारताना एक पाय तरी जमिनीवर पाहिजे. ज्याचा हात पुरत नाही त्याच्यासाठी टेबलाखाली एक लांब दांडा ठेवलेला असतो, त्याच्या टोकाला पितळी फुली असते. त्याला रेस्ट म्हणतात. तो मार्करकडे मागून घ्यावा, फुली चेंडूमागे टेकवावी आणि तिच्यावर काठी ठेवून मारावे. बुटक्या मुलानेही आणि उंच मुलानेही.